पोटुशी बाई घोरायला लागली तर : गरोदरपणातल्या स्लीप ॲप्नियाशी निभावताना

दुसऱ्या वेळी मला पाचवा महिना लागला आणि आमच्या घरात एक नवाच विनोद सुरू झाला. "रात्री वहिनींच्या खोलीत माग चालू असतो," असं धाकटे दीर सकाळी चहाच्या वेळी म्हणायचे. सगळे हसायचे, मीही हसायचे. सोलापुरात मागाच्या खटखटीची उपमा कुणालाही चटकन सुचते. हसली नाही ती एकटी माझी आई. चार दिवस राहायला आली होती आणि माझ्याशेजारी झोपली होती. ती एवढंच म्हणाली, "घोरतीस त्याचं काही नाही गं. पण मधेच गप व्हायलीस. मी उठून नाकाशी हात धरून बघितला."

त्या गप होण्याला नाव आहे, स्लीप ॲप्निया. झोपेत श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ थांबणं, मग धाप लागल्यासारखा मोठा श्वास घेऊन पुन्हा सुरू होणं आणि हे रात्रभर घडत राहणं. सकाळी बाईला यातलं काहीच आठवत नाही. आठवतं ते एवढंच की आठ तास झोपूनही डोकं जड आहे.

मी डॉक्टर नाही, शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे औषधाचा डोस किंवा श्वासासाठी रात्री लावायच्या मशिनचं (सीपॅप, त्याबद्दल पुढे) प्रेशर इथे सापडणार नाही. पण ते सहा महिने कसे काढले, कुठे अडलं, काय आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, हे क्रमाने लिहिते. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. गरोदर बाईच्या थकव्याला आपल्याकडे उत्तर तयारच असतं : "या दिवसांत असं व्हायचंच." म्हणून डॉक्टरांकडे तक्रार घेऊन जाऊ नका, नोंद घेऊन जा.

आधी, हे होतं का?

रसवंतीत कागदी नळी मऊ पडली की जोरात ओढल्यावर ती चपटी होते आणि रस वर येत नाही. घशाचं तसंच आहे. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात. नळी आधीच अरुंद असेल तर आत ओढलेल्या हवेबरोबर तिच्या भिंती चिकटतात. गरोदरपणात ही नळी तीन-चार बाजूंनी अरुंद होते. इस्ट्रोजेन वाढल्यामुळे नाकाच्या आतलं अस्तर सुजतं, म्हणून सर्दी नसतानाही नाक चोंदतं. वजन वाढतं. दिवसभर पायांत साठलेलं पाणी आडवं झाल्यावर मानेकडे सरकतं. वाढतं गर्भाशय पोटातला पडदा वर ढकलतं, त्यामुळे फुप्फुसांत राखीव हवा कमी उरते आणि श्वास थांबला की ऑक्सिजन लवकर खाली येतो.

अमेरिकेत तीन हजारांहून अधिक पहिलटकरणींची घरच्या घरी झोपेची तपासणी करून २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या महिन्यांत ३.६ टक्के आणि मधल्या महिन्यांत ८.३ टक्के बायकांत हा त्रास आढळला. त्याच अभ्यासात या त्रासाचा संबंध गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब, प्रीएक्लॅम्प्सिया (बीपी वाढून इतर अवयवांवरही ताण येणं) आणि गरोदरपणातला मधुमेह यांच्याशी दिसला. घोरणाऱ्या प्रत्येकीला हे होतं असं नाही. पण आधी कधी न घोरणारी बाई गरोदरपणात नव्याने घोरायला लागली, तर ते हसण्यावारी नेऊ नये.

जास्त सावध कुणी राहावं? गरोदर होण्याआधीच वजन बरंच जास्त (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३० किंवा वर) असलेल्या, आधीपासून बीपी किंवा शुगर असलेल्या, पस्तिशी ओलांडलेल्या, आणि मागच्या खेपेला बीपी वाढलेलं असलेल्या बायकांनी. पण अंगाने किरकोळ बाईलाही हे होऊ शकतं, विशेषतः हनुवटी मागे असेल किंवा टॉन्सिल मोठे असतील तर.

थकव्याचा एक साधा आडाखा मी माझ्यापुरता धरला होता. पहिल्या तीन महिन्यांत झोप अनावर होणं नेहमीचंच. चौथ्या-पाचव्या महिन्यात बहुतेकींना जरा हुशारी वाटते. त्याच काळात मी फळ्याकडे तोंड करून उभ्या उभ्या पेंगायला लागले, तेव्हा काहीतरी चुकतंय हे कळायला हवं होतं. जोडीला सकाळी उठल्यावर डोकं दुखणं, तोंडाला कोरड, रात्री दचकून गुदमरल्यासारखं उठणं. रात्री चार वेळा लघवीला उठणं मात्र खूण म्हणून धरू नका, ते सगळ्याच पोटुशींचं असतं.

पहिलं काम : तीन रात्रींची नोंद

घोरणारीला स्वतःचं घोरणं ऐकू येत नाही, म्हणून शेजारी झोपणारं माणूस हेच पहिलं यंत्र. आपल्याकडे नेमकी इथेच गोची होते. पोट दिसायला लागलं की नवरा हॉलमध्ये आणि सून सासूबाईंजवळ किंवा एकटी झोपते. सातव्यात ओटीभरण झालं की ती माहेरी जाते. आधी कसं घोरत होती आणि आता किती वाढलं, हे सांगणारं एकच माणूस सलग शेजारी राहत नाही. त्यामुळे माहेरी निघताना आईला नीट सांगून ठेवा, आणि फोन वापरा.

फोन डोक्यापासून दोनेक हातांवर, चार्जरला लावून, एअरप्लेन मोडवर ठेवा आणि साधा व्हॉइस रेकॉर्डर चालू करा. सलग तीन रात्री. सगळं ऐकत बसायची गरज नाही, पहाटे तीन ते सहाचा भाग आधी ऐका. स्वप्नं पडणारी झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते आणि त्या झोपेत स्नायू सर्वांत सैल असतात, म्हणून श्वास थांबण्याचे प्रकार तेव्हा वाढतात. माझ्या पहिल्या रात्रीच्या रेकॉर्डिंगमध्ये रात्री अकरा वाजता नुसती घरघर होती. पहाटे साडेचारला मात्र घोरणं, मग शांतता, मग हुंदक्यासारखा श्वास, असं लागोपाठ. यांनी घड्याळ लावून मोजलं, सर्वांत लांब शांतता बावीस सेकंदांची निघाली. त्या सकाळी घरातला मागाचा विनोद बंद पडला.

जमलं तर कुणाला तरी दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्यायला सांगा, छाती-पोट दिसेल असा. आवाज बंद आहे पण छाती-पोट हवा ओढायची धडपड करतंय, हे दृश्य डॉक्टरांना शंभर वाक्यांपेक्षा जास्त सांगतं. व्हिडिओ घेताना पांघरूण बाजूला असू द्या, आणि तो घरच्या ग्रुपवर टाकू नका.

वहीत प्रत्येक रात्रीसमोर एवढं लिहा : किती वाजता आडवी झाले, कोणत्या कुशीवर, शांतता किती वेळा आणि सर्वांत लांब किती, सकाळी डोकं दुखलं का, दुपारी न ठरवता डोळा लागला का. घरात बीपीचं मशिन असेल तर सकाळचं बीपीही.

कोरोनात घेतलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कपाटातून काढाल, तर एक लक्षात ठेवा. जागेपणी तो ९८ दाखवणारच. झोपेतला ऑक्सिजन तपासायला रात्रभर नोंद साठवणारा वेगळा ऑक्सिमीटर लागतो. सकाळी उठून ९८ बघायचं आणि निश्चिंत व्हायचं, ही चूक आम्ही आठवडाभर केली.

दुसरं काम : योग्य माणसापर्यंत पोचणं

पहिल्यांदा ज्या डॉक्टरांना मी "रात्री झोप नीट होत नाही" म्हणाले, त्यांनी पाठीवर थाप मारली आणि कॅल्शियमची गोळी लिहून दिली. त्यांचं फार चुकलं असंही म्हणवत नाही, माझं वाक्यच तसलं होतं. पुढच्या वेळी वाक्य बदललं : "झोपेत माझा श्वास थांबतो, वीस सेकंदांपर्यंत, हे रेकॉर्डिंग आहे." खुर्ची लगेच पुढे सरकली.

सुरुवात तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांपासूनच करा, तिथून चिठ्ठी घेऊन छातीविकारतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. खासगीत जाणं परवडत नसेल तर शहरात सिव्हिल आहेच, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. ते वैशंपायन मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे. तालुक्याला असाल, तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी असते, पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानाची. त्या दिवशी आशाताईंना सोबत घेऊन वही दाखवा. जोखमीची गर्भवती म्हणून नोंद झाली की पुढे पाठवणं सोपं जातं.

डॉक्टरांना हे स्पष्ट विचारा : मला तपासणीची गरज आहे का? रिपोर्ट किती दिवसांत येईल? तोवर बीपी किती दिवसांनी बघायचं? आणि साखरेची तपासणी पुन्हा करायची का? दिवसा किती झोप येते याचे गुण काढणाऱ्या ज्या प्रश्नावल्या असतात, त्या गरोदरपणात फारशा भरवशाच्या ठरत नाहीत. गुण कमी आले म्हणून विषय तिथेच सोडू नका.

काही गोष्टींसाठी मात्र चिठ्ठीची आणि तारखेची वाट बघू नका. बीपी १४०/९० किंवा वर, कमी न होणारी डोकेदुखी, डोळ्यांसमोर काजवे किंवा अंधारी, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, चेहऱ्यावर अचानक सूज, बाळाची हालचाल कमी होणं, जागेपणीही धाप लागणं. यातलं काहीही झालं तर तडक दवाखाना, वाहन नसेल तर १०८.

तिसरं काम : तपासणी

दोन प्रकार आहेत. एक घरी होणारी. संध्याकाळी तंत्रज्ञ येतो किंवा यंत्र देऊन लावायचं कसं ते दाखवतो : छातीला पट्टा, नाकात बारीक नळी, बोटाला सेन्सर. एक रात्र झोपायचं, सकाळी परत द्यायचं. दुसरी दवाखान्यात रात्रभर राहून होणारी, तिला पॉलिसोम्नोग्राफी म्हणतात. डोक्याला, डोळ्यांजवळ आणि पायांना तारा लावून झोपेच्या अवस्थाही मोजतात. गरोदर बाईला बहुतेक वेळा घरची तपासणी सोयीची पडते. दवाखान्यातल्या तपासणीसाठी पुण्याला जा म्हणाले, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना प्रवासाचं विचारा. अडीचशे किलोमीटरला गाडीपेक्षा सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस बरी, निदान उठून पाय मोकळे करता येतात.

रिपोर्टमध्ये एएचआय नावाचा आकडा बघा. तासाभरात श्वास किती वेळा थांबला किंवा उथळ झाला, ते तो सांगतो. ५ पर्यंत ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, त्यापुढे तीव्र. सोबत ऑक्सिजन सर्वांत खाली कुठवर गेला तेही बघा. "सौम्य" वाचून फाइल बाजूला ठेवू नका. चौथ्या महिन्यातला सौम्य आकडा आठव्यात वाढू शकतो. आणि रिपोर्ट नॉर्मल आला, पण पुढे घोरणं वाढत गेलं, तर पुन्हा तपासणी मागायची लाज वाटू देऊ नका.

एक सल्ला विकत घेतलेला आहे, फुकट देते. "तपासणी मोफत" म्हणणारा बऱ्याचदा मशिन विकणाराच असतो. तपासणी त्याच्याकडून करून घेतली तरी रिपोर्ट डॉक्टरांनीच वाचायला हवा, आणि मशिन घ्यायचं की नाही ते त्यांनीच सांगायला हवं.

चौथं काम : आज रात्रीपासून करता येण्यासारखं

तपासणीपासून मशिन येईपर्यंत माझे अठरा दिवस गेले. तेवढ्यात जे केलं त्याने आजार गेला नाही, पण रात्री हलक्या झाल्या.

कुशीवर झोपणं सर्वांत आधी. उताणं झोपलं की जीभ मागे पडते, घसा बंद होतो, आणि पोटाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतो तो वेगळाच. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर झोपताना कुशीवरच आडवं व्हावं, डावी किंवा उजवी, जी सोसेल ती. जाग आल्यावर स्वतःला उताणी सापडलात तर घाबरू नका, पुन्हा वळा. कूस बदलताना उठून बसूनच वळावं, नाहीतर बाळाला नाळ गुंडाळते, असं आमच्याकडे रोज ऐकावं लागायचं. त्यात तथ्य नाही. रात्रीतून दहादा उठून बसण्याने होते ती फक्त झोपमोड. पाठीमागे आधाराला विकतची उशी घ्यायची गरज नाही, सोलापुरी चादरीची घट्ट वळकटी करून पाठीला लावली की माणूस उताणं होत नाही. आमच्या गावच्या चादरीला २००५ पासून जीआय मानांकन आहे, पण हा उपयोग अर्जात लिहायचा राहिला असावा.

डोकं उंच घ्या, पण उशीवर उशी रचून नाही. त्याने मान दुमडते आणि घसा आणखी अरुंद होतो. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली एकेक वीट ठेवली तर डोक्यापासून पायांपर्यंत अख्खं अंग उताराला लागतं. पित्त वर येणंही कमी होतं.

नाक मोकळं करा. औषधाच्या दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब किंवा स्प्रे झोपण्याआधी, आणि साध्या पाण्याची वाफ. चोंदलेलं नाक क्षणात उघडणारे ऑक्सिमेटाझोलिनसारखे थेंब स्वतःहून घेऊ नका. काही दिवसांनी ते सोडले की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं. नाकात तेल-तूप सोडण्याचा घरगुती उपाय या दिवसांत रात्री नकोच, झोपेत ते फुप्फुसात उतरू शकतं. सर्दी-खोकल्याची गुंगी आणणारी औषधं आणि झोपेची गोळी डॉक्टरांना ॲप्नियाचं सांगितल्याशिवाय घेऊ नका, त्यांनी घसा आणखी सैल पडतो.

रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं. हे लिहायला सोपं, सोलापुरात पाळायला अवघड. आमच्याकडे रविवारी रात्री साडेदहाला काळं मटण आणि कडक भाकरी, मग लगेच अंथरूण. मी सात वाजता ज्वारीची मऊ भाकरी, वरण आणि भाजी खाऊन घ्यायला लागले. शेंगाचटणीवरून तेवढी भांडणं झाली. झोपण्याआधी निदान दोन तास पोटात जड काही नको. याचा अर्थ उपाशी राहा किंवा वजन उतरवा असा मात्र नाही. गरोदरपणात वजन कमी करायचं नसतं, किती वाढू द्यायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यायचं.

मिश्री. इथे स्पष्ट लिहिते, कारण दवाखान्यात "तंबाखू खाता का?" विचारलं की बायका नाही म्हणतात, मिश्रीला त्या तंबाखू समजतच नाहीत. मिश्री भाजलेली तंबाखूच आहे आणि बाळासाठी वाईटच आहे. रात्री लावली तर झोपही तुटते. विडी वळणाऱ्या बायकांनी निदान तंबाखूचं सूप झोपायच्या खोलीत ठेवू नये. एका खोलीचं घर असेल तर संध्याकाळी झाकून बाहेर ठेवावं आणि केर ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. ती भुकटी रात्रभर नाकात जाते. मागाच्या शेडला लागून घर असेल तर कापसाच्या उडणाऱ्या तंतूंचंही तेच.

पायांत मुंग्या, वळवळ होऊन झोप लागत नसेल तर ते निराळं दुखणं, बऱ्याचदा लोह कमी असल्याचं. हिमोग्लोबिनसोबत फेरिटीन (शरीरातला लोहाचा साठा) तपासावं का ते विचारा, आणि लोहाच्या लाल गोळ्या कॅल्शियमबरोबर एकदम घेऊ नका.

पाचवं काम : मशिनशी जमवून घेणं

सीपॅप म्हणजे हवेचा हलका, सतत दाब देणारा पंपच. नाकावरच्या मास्कमधून ती हवा घशात जाते आणि नळीच्या भिंती उघड्या ठेवते, सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरल्यासारख्या. त्यात औषध नसतं, ऑक्सिजनचं सिलिंडर नसतं, सवय लागते असंही काही नसतं. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये हा उपाय पहिल्यांदा मांडला, आणि सुरुवातीच्या यंत्रांसाठी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरली होती. हे मी सासऱ्यांना सांगितलं, तेव्हापासून त्यांची भीती गेली. त्याआधी त्यांना वाटायचं, सुनेला व्हेंटिलेटर लावलाय.

बाळाला यापासून धोका नाही. गरोदरपणात दाबाची गरज महिन्यागणिक बदलते, म्हणून आपोआप दाब कमी-जास्त करणारं, ऑटो प्रकारचं मशिन सोयीचं. ते घ्यावं का, हे डॉक्टरांना विचारा. विकत घेण्याआधी महिन्याच्या भाड्याने मिळतं का बघा. बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना ते लागत नाही. जुनं मशिन कुणाकडून घेत असाल तर मॉडेल तपासून घ्या. २०२१ मध्ये आतल्या फोमच्या दोषामुळे जगभरातून लाखो यंत्रं परत मागवली गेली होती. मास्क, नळी आणि फिल्टर मात्र नवेच.

पहिल्या रात्री मास्क लावून थेट झोपायला गेले आणि वीस मिनिटांत भिरकावून दिला. तंत्रज्ञाने मग सांगितलेली पद्धत चालली. दुपारी जागेपणी, टीव्ही बघताना, आधी नुसता मास्क हाताने नाकाशी धरून. मग पट्टे बांधून, मग मशिन चालू करून पंधरा मिनिटं, मग दुपारच्या डुलकीला. चौथ्या दिवशी रात्री लावला. सुरुवातीला दाब हळूहळू वाढवणारं रॅम्पचं बटण असतं, ते वापरा.

मास्कचं माप बसून नाही, आडवं होऊन घ्या. चेहऱ्याचा आकार आडवं झाल्यावर बदलतो, आणि शेवटच्या महिन्यांत चेहऱ्यावर सूज येते तेव्हा पुन्हा. हवा डोळ्यांकडे सुटत असेल तर पट्टे आवळत सुटू नका, आधी मास्क उचलून नव्याने बसवा. नाक चोंदलेलं असताना नुसता नाकाचा मास्क गुदमरवतो, तेव्हा नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्याचा विचार करा. पोटात हवा जाऊन ढेकर येत असतील तर डोक्याकडची बाजू आणखी उंच करा आणि डॉक्टरांना सांगा.

माहितीपत्रकात नसलेल्या काही गोष्टी मला पुढे कळल्या. केसांना आणि चेहऱ्याला तेल लावून मास्क लावला की सिलिकॉन घसरतं आणि लवकर खराब होतं. तेल सकाळी न्हाण्याआधी लावा, आणि झोपण्याआधी तोंड धुवा. अंबाडा मागच्या पट्ट्याच्या आड येतो, सैल वेणी घाला. चमकी काढावी लागेल. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा बेचाळिसाच्या पुढे जातो तेव्हा पट्ट्यांखाली घामोळं येतं. जुन्या सुती पातळाची पट्टी गालावरच्या पट्ट्याला गुंडाळा. कूलरचा झोत मशिनच्या तोंडावर नको. मशिन जमिनीवर ठेवू नका, उशीपेक्षा खाली पण स्टुलावर ठेवा, म्हणजे धूळ कमी ओढलं जातं आणि नळीतलं पाणी नाकाकडे येत नाही.

पाण्याचं भांडं असेल तर त्यात डिस्टिल्ड पाणी, औषधाच्या दुकानातलं. उजनी धरणाचं नळाचं पाणी काही दिवसांआड येतं आणि आपण ते पिंपात साठवतो. ते घातलं तर आठवड्यात पांढरा थर धरतो. बॅटरीत घालायचं पाणी नको. उरलेलं रोज सकाळी ओता, भांडं उपडं ठेवा. मास्कची गादी रोज, नळी आठवड्यातून एकदा, सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. डेटॉल, ब्लीच किंवा ओझोनचं कुठलंही यंत्र नको. फिल्टर मागाच्या वस्तीत राहणाऱ्यांनी आठवड्याला बघावा.

वीज गेली तर? मास्कला हवा बाहेर जायची भोकं असतात, त्यामुळे लगेच गुदमरत नाही, पण मास्क काढायचा. घरात इन्व्हर्टर असेल तर मशिन त्यावर चालतं. पाणी तापवणारा हीटर मात्र बंद ठेवा, तोच बॅटरी खातो. वीज आल्यावर मशिन आपोआप चालू होतं का, हे दिवसा एकदा मेन स्विच पाडून बघून ठेवा.

रोज किती वेळ? जितका वेळ झोप, तितका वेळ, दुपारची डुलकी धरून. निदान चार तास तरी, पण चारवर समाधान मानू नका, पहाटेचे तास सर्वांत वाईट असतात हे आठवा. मला फरक सहाव्या दिवशी कळला. दुपारी तास घेताना फळ्यावरची अक्षरं सरळ आली होती.

घरातल्यांशी बोलणं

"बाळाला शॉक लागेल", "सवय लागेल", "लोक काय म्हणतील". तिसरं सर्वांत जड. डोहाळजेवणाला आलेल्या बायकांनी खोलीतलं मशिन बघितलं आणि चुलत सासूबाईंनी काळजीने विचारलं, "एवढं काय झालंय पोरीला?" सासूबाईंनी परस्पर उत्तर दिलं, "चष्मा लागतो तसं हाय बघा." मी आजवर याहून चांगलं स्पष्टीकरण ऐकलेलं नाही. मात्र त्या मतावर यायला त्यांना एक रेकॉर्डिंग ऐकावं लागलं होतं. तुमच्याही घरी आधी ऐकवा, मग समजवा.

जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते. जागरणाला चला म्हणतील. नंदीध्वज दिवसा बघा, रात्री मशिनवर झोपा. आणि डोळ्यांवर झापड असताना स्कूटी चालवू नका, हे पोट असो वा नसो.

प्रसूतीची तयारी

आठव्या महिन्यात ॲप्नियाचा रिपोर्ट, मशिनचं नाव आणि प्रेशरचं सेटिंग एका कागदावर लिहून फाइलच्या पहिल्या पानाला टाचा. ऐन वेळी पाने चाळायला कुणाला सवड नसते. प्रसूती जिथे ठरली आहे तिथे भूलतज्ज्ञांची आधीच भेट मागा. सिझेरियन लागलंच तर पूर्ण भुलीऐवजी पाठीतल्या इंजेक्शनची भूल बहुतेक वेळा सोयीची. कळा सुसह्य करणाऱ्या एपिड्युरलचंही तेव्हाच विचारा. वेदनाशामकांतली मॉर्फिनसारखी, गुंगी आणणारी औषधं ॲप्नियात श्वास मंदावतात. ती कमीत कमी वापरावीत, वापरलीच तर बोटाला ऑक्सिमीटर सतत लावून, हे त्यांना माहीत असतं. तुम्हाला ॲप्निया आहे, हे मात्र तुम्हीच सांगायला हवं.

दवाखान्याच्या पिशवीत बाळाच्या दुपट्यांसोबत मशिन, मास्क, डिस्टिल्ड पाण्याची बाटली आणि दोन मीटरची एक्स्टेन्शन वायर. वॉर्डातलं प्लगचं भोक नेहमी खाटेच्या उलट्या बाजूला असतं.

बाळंतिणीच्या खोलीत

बाळ झालं म्हणजे ॲप्निया त्याच दिवशी पळाला असं होत नाही. सूज उतरायला, वजन कमी व्हायला वेळ लागतो, आणि जागरणांनी झोप आणखी तुटते. डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत मशिन चालू ठेवा, दोन पाजण्यांच्या मधल्या तासाभराच्या झोपेलासुद्धा. बाजेवर पाठीला तक्क्या लावून अर्धवट बसतं झोपणंही घशाला बरं पडतं.

शेक-शेगडी आणि धुरी. शेपा, ओवा, वावडिंगाचा धूर बंद खोलीत बाळ-बाळंतिणीला देतात. मशिन खोलीतलीच हवा ओढतं, म्हणजे तो धूर थेट दाबाने तुमच्या फुप्फुसात. दारं-खिडक्या लावून पेटता कोळसा ठेवणं तर कुणासाठीच सुरक्षित नाही. आम्ही धुरी बाहेर ओसरीवर, केसांपुरती, दिवसा घेतली. आईची समजूत त्यावर पटली.

आडवं होऊन पाजताना डोळा लागतो, ॲप्निया असलेलीचा जरा जास्तच. रात्रीचं पाजणं कुणीतरी जागं असताना करा, आणि पाजून झालं की बाळ शेजारी पाळण्यात.

दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांना पुन्हा तपासणीचं विचारा. माझा एएचआय २१ वरून ४ वर आला आणि मशिन परत केलं. परत करण्याआधी त्यातल्या कार्डवरची सगळी नोंद उतरवून घ्या, आणि भाड्याचं डिपॉझिट परत मिळाल्याची पावती मागून घ्या. पुढच्या खेपेला गरज पडली, तर डॉक्टरांना त्या नोंदीवरून दाब कुठून सुरू करायचा ते पहिल्याच भेटीत कळतं.